चार हजारावरची खाच

आधी संशय सुईवर घेतला.
भिंगाखाली धरली, टोक शाबूत.
मग पट्टा बदलला, मग केबल,
मग अँप्लिफायर मांडीवर घेऊन
ऐरोलीहून कोपरीला रिक्षाने,
गाभण शेळी न्यावी तसा जपत,
गुरनोमलच्या दुकानात.

त्याने झाकण काढलं, वाल्व पेटवले,
आणि दोन मिनिटं नुसता वास घेत राहिला :
तापलेली धूळ, जुनं मेण.
"साईं, ह्याला काय पण झालं नाही.
हा आपल्या दोघांना पोचवून येणार."
पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला.
तेव्हाच कळायला हवं होतं.

झांज गेली होती.
म्हणजे ती ताटाएवढी पितळी थाळी,
ड्रमवाला जिच्यावर रात्रभर टिचक्या मारतो,
तिंग, तिंग-ति-तिंग,
ज्या दोरीवर बाकीचे सगळे
आपापली धुणी वाळत घालतात.
सॅक्सोफोन होता, बास होता,
दोरीच कुणी काढून नेलेली.

शाल्मली कोयंडे, ऑडिओलॉजिस्ट, वाशी,
माझ्या मुलीहून लहान.
काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या सोडल्या
आणि कागद पुढे सरकवला :
रेघ शहाण्यासारखी सरळ चालत येते,
चार हजार हर्ट्झवर धपकन विहिरीत.
"ही खाच, काका. कामाला कुठे होतात?"

रबाळे. कॉम्प्रेसर हॉल. एकतीस वर्षं.
कानात कापसाचे बोळे, तेही साहेब फिरकले तर.

आणि तिथेच, तिसऱ्या पाळीला, कँटीनच्या मागे
बावतीसने मला पहिल्यांदा जॅझ ऐकवलं.
एक हेडफोन, दोन स्पंज,
एक त्याच्या कानाला, एक माझ्या.
मी बोटांवर मात्रा मोजू लागलो, तर म्हणाला,
"मोजू नको रे. सम त्यांना माहितीये,
पोचायची घाई नाहीये."
ज्या जागेने दिलं तिनेच ते परत घेतलं,
पगारातून हप्ता कापावा तसं.

खाचेचं तसं वाईट वाटत नाही.
तबकडीत तरी दुसरं काय असतं.

आता दोन्ही कानांमागे वालाच्या दाण्याएवढं यंत्र.
किंमत : टर्नटेबल, अँप्लिफायर आणि तीनशे तबकड्या,
सगळं विकूनही वर थोडे घालावे लागले असते.
पहिल्या दिवशी ऐकू आली
स्वतःच्या शर्टाची कॉलर.
संध्याकाळी तबकडी लावली, झांज हजर!
पण ट्रम्पेटने सूर लांबवला
की यंत्राला वाटे आपलीच शिट्टी वाजतेय,
ते त्याचा गळा दाबी.
आणि बास म्हणजे त्याच्या मते
ठाणे-बेलापूर रोडवरचा कंटेनर,
तो ते सौजन्याने बंद करी.

परत वाशी. शाल्मलीने लॅपटॉपवर
बोटाने टेकड्या ओढल्या, खड्डे भरले.
"हा चौथा प्रोग्रॅम, काका.
ह्यातली मशीनची अक्कल मी काढून टाकलीये."

रात्री दोनला झोप मोडते तेव्हा
फोनवरून थेट कानात पियानो घेतो.
तार नाही, खोली नाही, मधे हवासुद्धा नाही,
कवटीतच कुणीतरी पांढरे-काळे दार उघडतं.
बावतीस असता तर म्हणाला असता, चोरी आहे ही.
आणि दुसरा कान मागितला असता.

संध्याकाळी मात्र वाल्व.
तापायला दोन मिनिटं लागतात,
त्या दोन मिनिटांत मी काही करत नाही.
मग सुई टेकते, आधी चरचर,
मग ड्रमवर ब्रश,
सुपात तांदूळ पाखडावेत तसा,
आणि दुसऱ्या कडव्याआधी, जिथे चाळीस वर्षं
मला शांतता ऐकू यायची,
तिथे कुणीतरी खुर्ची सरकवतं.

आतून विजू काहीतरी म्हणाली.
हळू, स्वतःशीच.
"काय?" मी ओरडलो, सवयीने.
ऐकू आलं होतं.